बाखचा छोटा फ्यूग बँडवर बसवतोय, क्लॅरिनेटवाल्याने श्वास कुठे घ्यायचा?

पायपेटी_वेंगुर्ला

नमस्कार मंडळी.

मी वेंगुर्ले तालुक्यातला. सत्तावीस वर्षं दशावतारात पायपेटी वाजवतोय. जत्रांचा हंगाम सरला की पावसाळ्यात लोकांच्या पेट्या दुरुस्त करतो. पाश्चात्त्य संगीत माझ्या घरचं नाही. पण आमच्या गावच्या ब्रास बँडच्या जुन्या मास्तरांनी मला तरुणपणी स्टाफ नोटेशन शिकवलं आणि त्या वेळीच बाख या जर्मन संगीतकाराचा एक फ्यूग माझ्या बोटांत घातला. फ्यूग म्हणजे एकच मुखडा एकामागून एक वेगवेगळ्या पदरांत येतो आणि सगळे पदर एकत्र चालतात अशी चीज. जी मायनरमधला, बाखच्या चिजांच्या यादीत बीडब्ल्यूव्ही ५७८, ज्याला 'छोटा फ्यूग' म्हणतात तो. आपल्या हिशोबाने पांढरी पाच. मुखडा असा: सा, प, कोमल ग, रे, मग सा ग रे सा, नि रे, आणि खाली मंद्र प. बाकी सगळं विसरलो तरी हे विसरणार नाही.

मास्तर गेल्या वर्षी गेले. नाताळच्या आदल्या रविवारी चर्चच्या अंगणात त्यांच्या आठवणीसाठी हाच फ्यूग वाजवायचा, असं बँडच्या पोरांनी आणि मी ठरवलंय. माणसं आहेत ती अशी: दोन व्हायोलिन (एक शाळेतल्या बाई, एक त्यांचीच विद्यार्थिनी), दोन क्लॅरिनेट, एक ट्रंपेट, एक बॅरिटोन (खालच्या सुरांचं पितळी वाद्य) आणि माझी पायपेटी. ड्रम घरी ठेवायचे.

मूळ ऑर्गनच्या कागदावर तीन ओळी आहेत: उजवा हात, डावा हात, पायाच्या पट्ट्या. त्यातले चार पदर वेगळे काढून मी हाताने प्रती केल्या. वरचा पदर व्हायोलिनला, दुसरा क्लॅरिनेटला, तिसरा ट्रंपेटला, खर्ज बॅरिटोनला. क्लॅरिनेट आणि ट्रंपेट बी फ्लॅटचे, लिहिलेल्यापेक्षा एक सूर खाली वाजतात, म्हणून त्यांना ए मायनरमध्ये लिहून दिलं. गेल्या आठवड्यात मांगरात बसून पहिल्यांदा वाजवून बघितलं. बाहेर कौलांवर पाऊस असा की निम्मं ऐकूच येत नव्हतं. तरी जे ऐकू आलं त्यावरून एवढं कळलं की अजून काहीच जमलेलं नाही.

मुखडा झाला आणि पुढची पाव पाव मात्रेची धाव सुरू झाली, तशी क्लॅरिनेटवाल्याने मधेच वाद्य मांडीवर ठेवलं. मला म्हणाला, "ह्यात माका श्वास घेवक जागाच नाय." त्याचं खरं आहे. ऑर्गनला भाता असतो. पट्टी दाबून ठेवली की वारा असेपर्यंत सूर तसाच उभा राहतो. माझ्या पेटीचंही तसंच, पाय चालू आहेत तोवर तिला दम लागत नाही. ते संगीत उचलून छातीने वाजवणाऱ्या माणसाच्या पुढ्यात ठेवलं की काय करायचं?

आणखी दोन गोष्टी. पायपेटीने सगळे पदर धरून ठेवावेत की गप्प बसावं? मी सगळं वाजवलं तर बाकीच्यांचं ऐकू येत नाही, थांबलो तर सगळं विस्कटतं. आणि शेवटाकडे आवाज चढवत न्यावा का? दशावतारात संकासुर यायच्या वेळी आम्ही चढवतोच, पण ऑर्गनवर बोट जोरात दाबून आवाज वाढत नाही, हे मला ठाऊक आहे.

एक जाणकार गृहस्थ म्हणाले की ऑर्गनची चीज बँडवर वाजवणं हा तिचा अपमान आहे. त्या दिवसापासून मन जरा खट्टू आहे. हे चुकतंय का, तेही स्पष्ट सांगा.

---

मिऱ्या_बंदर

काका, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो मनात घेऊन पुढची तालीम होणार नाही.

यात कसलाही अपमान नाही. बाखनेच हे आयुष्यभर केलं. वायमारला असताना, १७१३-१४ च्या सुमारास, त्याने विवाल्डीचे व्हायोलिन कॉन्चेर्टो (वाद्यवृंदाच्या साथीने वाजवायच्या चिजा) घेऊन ऑर्गनवर आणि हार्पसिकॉर्डवर बसवले. म्हणजे तुमची दिशा उलटी एवढंच. आणि ती दिशाही त्याने धरली होती: एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेला ई मेजरचा प्रेल्यूड त्याने १७३१ च्या एका कँटाटासाठी (चर्चमध्ये गायची मोठी रचना) ऑर्गन, तुताऱ्या, नगारे आणि तंतुवाद्यांवर चढवला. कँटाटा क्रमांक २९, पहिलाच भाग. बँडच्या पोरांना ऐकवा, त्यांचा ऊर भरून येईल.

तुमच्यासारख्या छोट्या संचासाठी मला एक माणूस फार जवळचा वाटतो: चार्ल्स एव्हिसन. न्यूकॅसल या इंग्लंडच्या कोळशाच्या बंदरगावात चर्चचा ऑर्गनवादक. लंडनपासून दूर, गावातल्या हौशी वादकांना घेऊन बैठका करायचा. त्याने १७४४ मध्ये डोमेनिको स्कार्लात्तीच्या हार्पसिकॉर्डच्या चिजा घेऊन तंतुवाद्यांसाठी बारा कॉन्चेर्टो तयार केले. स्कार्लात्तीच्या चिजा दोन हातांच्या, टणटणीत, उड्या मारणाऱ्या. एव्हिसनने त्यातलं व्हायोलिनच्या गजाला जे पेलेल ते ठेवलं, बाकीचं सोडलं. हातात जी माणसं आहेत त्यांच्यासाठी लिहायचं, हे मी त्याच्याकडून शिकलो. मुंबईत वीस वर्षं व्हायोला वाजवला, आता रत्नागिरीत चार मुलांना शिकवतो. त्या चार मुलांसाठी मी रोज हेच करतो.

मोझार्टनेही १७८२ मध्ये बाखचे पाच फ्यूग चार तंतुवाद्यांसाठी उतरवले. तेही कीबोर्डचेच. तेव्हा त्या गृहस्थांना नमस्कार सांगा आणि तालीम चालू ठेवा.

श्वासाचं मला सांगता येणार नाही, आमचा गज असतो. एवढंच सांगतो: तिसरा पदर ट्रंपेटला देऊ नका. तो खाली उतरतो तिथे ट्रंपेटला बळही नाही आणि गोडवाही नाही. दुसऱ्या क्लॅरिनेटला द्या.

---

ऑर्गनवाली_वसई

काका, मी वसईची. आमच्या चर्चमध्ये एकतीस वर्षं रविवारची मिस्सा वाजवते. पाइप ऑर्गन माझ्या वाट्याला कधी आला नाही. आधी पायाने वारा भरायचा जुना रीड ऑर्गन होता, आता विजेवरचा आहे. त्यामुळे तुमची पेटी आणि माझा ऑर्गन सख्खी भावंडं आहेत असं धरून लिहिते.

तुमच्याकडे पेट्या दुरुस्तीला येतात, म्हणजे खर्ज, नर आणि मादी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. एक पट्टी दाबायची, तीन सप्तकांत सूर वाजतो. पाइप ऑर्गनचं गणित तेच. आठ फुटी पाइपांचा संच म्हणजे लिहिलेला सूर. सोळा फुटी म्हणजे एक सप्तक खाली, चार फुटी म्हणजे एक सप्तक वर. लांबी दुप्पट केली की सूर एक सप्तक उतरतो. ऑर्गनवादक खुंट्या ओढून हे संच एकावर एक चढवतो. म्हणून एकटा माणूस अख्खं देऊळ भरून टाकू शकतो.

आता हेच डोक्यात ठेवून लिओपोल्ड स्टोकोव्स्की ऐका. हा मुळात ऑर्गनवादक. १९०५ मध्ये न्यूयॉर्कला एका मोठ्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला लागला, १९१२ पासून फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचा संचालक. त्याने बाखच्या ऑर्गनच्या कितीतरी चिजा ऑर्केस्ट्रावर उतरवल्या, त्यात तुमचा छोटा फ्यूगही आहे. सुरुवात एकट्या ओबोवर, आणि मग वाढत वाढत शेवटी सगळं पितळ उभं राहतं. डी मायनरची टोकाटा त्याने १९२७ मध्ये ध्वनिमुद्रित केली, आणि १९४० च्या डिस्नेच्या 'फँटेशिया'त सुरुवातीलाच तीच आहे. तो एकच ओळ बास, चेलो आणि व्हायोलिनला वेगवेगळ्या सप्तकांत देतो, म्हणजे सोळा, आठ आणि चार फुटाच्या खुंट्या एकदम ओढतो. मला हे कळलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात कुकर बंद करायचं विसरून उभी राहिले होते.

आणि तुमच्या क्लॅरिनेटवाल्याचं उत्तर त्याच्याकडेच आहे. इतर ऑर्केस्ट्रांत सगळ्या व्हायोलिनचे गज एकाच वेळी वर, एकाच वेळी खाली जातात. स्टोकोव्स्कीने आपल्या वादकांना सांगितलं की एकदम गज बदलू नका, ज्याने त्याने आपापल्या वेळी बदला. मग सुराला कुठे चीर पडत नाही. त्याला ऑर्गनचा भाता हवा होता, आणि तो माणसांचाच करायचा होता.

तुमच्याकडे क्लॅरिनेट दोनच आहेत. तरी दोघांचा भाता होतो. तुम्ही कोकणातले, झील धरणं तुम्हाला मी काय सांगावं? पोवाड्यात शाहिराचा दम संपत आला की झीलकरी शेवटचा शब्द उचलतो, शाहीर सुटण्याआधी तो धरतो. तसंच करायचं. धावेच्या ओळीत एका ठिकाणी पेन्सिलीने खूण करा. पहिला क्लॅरिनेट तिथे पोचायच्या आधी अर्धी मात्रा दुसऱ्याने त्याच सुरात, अगदी हलक्या फुंकरीने यायचं. पहिल्याने मग सोडायचं आणि श्वास घ्यायचा. ऐकणाऱ्याला जोड कळता कामा नये. तालमीत हे सुरुवातीला फार ओबडधोबड होईल, म्हणून आधी नुसता एक लांब सूर घेऊन हा सांधा वीस वेळा करून घ्या. फ्यूग नंतर.

दुसऱ्या क्लॅरिनेटला तिसरा पदरही द्यायचा असेल, मिऱ्याबंदरकरांनी सुचवलंय तसा, तर तो पदर सुरू होईपर्यंतच त्याला झील धरता येईल. त्यानंतर दुसऱ्या पदराची झील व्हायोलिनवाल्या मुलीला द्या. रंग बदलेल, पण तोवर चार पदर चालू झालेले असतात, कान तिकडे गुंतलेला असतो.

मुखड्यात मात्र हे करायची गरजच नाही. बघा, दुसऱ्या बारच्या (कागदावरच्या दोन उभ्या रेघांमधल्या मापाच्या) शेवटी तो मंद्र पंचम पूर्ण एका मात्रेचा आहे. बाखने तिथे वाक्य संपवलंय. अर्धी मात्रा वाजवा, उरलेल्या अर्ध्या मात्रेत श्वास घ्या. मग पुढचा तुकडा, सा प रे प ग रे सा, जो सारखा त्या मंद्र पंचमाला शिवून परत येतो, तो ताज्या दमाने सुरू होईल. चारही पदरांनी याच जागी श्वास घेतला की मुखडा प्रत्येक वेळी सारखाच ओळखू येईल, मग तो पंचमावरून येवो, नाहीतर मध्ये कोमल गंधाराला सा मानून मेजरमध्ये येवो.

पायपेटीबद्दल. तुम्ही अंगणात वाजवणार आहात. हे संगीत दगडी इमारतीसाठी लिहिलेलं आहे. तिथे सूर सुटला तरी घुमत राहतो, दोन सुरांमधली फट इमारत भरून काढते. अंगणात घुमारा नाही, सूर सुटला की आंब्याच्या झाडात गेला. तुमची पेटी इमारत होऊ दे. चारही पदर वाजवू नका. ज्या पदरात लांब सूर असेल तेवढाच, एका संचावर, मऊ धरा. धाव सुरू असेल तिथे पट्ट्यांना हात लावू नका. तुमचे दोन्ही हात मोकळे असतात हे किती मोठं भाग्य आहे, हातपेटीवाल्याला हे जमणारच नाही. खर्जाची खुंटी शेवटपर्यंत बंद. शेवटच्या सहा बारांत मुखडा पायाच्या पट्ट्यांवर, सगळ्यात खाली येतो. तिथे ती ओढा.

जमलं तर अंगणाऐवजी चर्चच्या पोर्चमध्ये, पाठीमागे भिंत घेऊन बसा. नुसत्या भिंतीनेही पुष्कळ फरक पडेल.

---

खाडीपलीकडे

ताईंचं बाकी सगळं पटलं, पण आवाज चढवायच्या बाबतीत काकांनी स्टोकोव्स्कीच्या मागे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. मी वाजवत नाही, फक्त ऐकतो, पण हे फ्यूग चाळीस वर्षं ऐकतोय.

ऑर्गनवर हा फ्यूग मोठा होतो तो पदर वाढल्यामुळे. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक जण आपल्या आवाजात बोलतो आणि माणसं वाढतात म्हणून गजबज वाढते. त्यात फुगवटा आणला की चौघांचं बोलणं एकाच भाषणासारखं वाटायला लागतं. स्टोकोव्स्कीच्या शेवटाला मला पदर ऐकूच येत नाहीत, नुसता लोट ऐकू येतो.

ऑर्केस्ट्रावर उतरवायचे रस्ते पुष्कळ आहेत. इंग्लिश संगीतकार एल्गारने बाखचाच सी मायनरचा फँटेशिया आणि फ्यूग घेतला. त्याने आणि रिचर्ड स्ट्राउसने वाटून घ्यायचं ठरवलं होतं, फँटेशिया स्ट्राउसने करायचा. एल्गारने १९२१ मध्ये फ्यूग केला, स्ट्राउसकडून काही आलं नाही, मग १९२२ मध्ये फँटेशियाही त्यानेच केला. हार्प, झांजा, डफ, सगळा थाट. रेस्पिगीने १९३० मध्ये संचालक तोस्कानिनीच्या सांगण्यावरून बाखची पासाकाल्या (खर्जाच्या एकाच फिरत्या ओळीवरची चीज) उतरवली, तीही भरजरी. शोनबर्गने १९२८ मध्ये ई फ्लॅटचा प्रेल्यूड आणि फ्यूग केला, आणि त्याचा ध्यास होता तो आतला प्रत्येक धागा कानाला वेगळा दिसावा हा. वेबर्न त्याच्याही पुढे गेला. १७४७ मध्ये प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने बाखला दिलेल्या मुखड्यावरचा सहा पदरी रिचेर्कार, म्हणजे फ्यूगच, त्याने १९३५ मध्ये उतरवला. त्यात एकच मुखडा तोडून काही सूर ट्रॉम्बोनला, पुढचे हॉर्नला, त्यापुढचे ट्रंपेटला. पहिल्यांदा ऐकताना तुटक वाटतं. दहाव्यांदा ऐकताना प्रत्येक सूर कुठून कुठे वळतो ते दिसतं.

तुमच्या सात जणांकडे वेबर्नचीच श्रीमंती आहे, स्टोकोव्स्कीची नाही. प्रत्येक वाद्याचा रंग वेगळा. तो वापरा. आवाज चढवायचा असेल तर ट्रंपेट शेवटपर्यंत गप्प ठेवा आणि शेवटी आणा. तेवढी भर पुरे. कोणी जोर लावायला नको.

---

ऑर्गनवाली_वसई

खाडीपलीकडे दादा, ट्रंपेट राखून ठेवायची सूचना माझ्या सूचनेपेक्षा चांगली आहे. काका, तसंच करा. फुगवट्याबद्दल मी माझं मत सोडत नाही. नाताळच्या आदल्या रविवारी, गेलेल्या माणसासाठी वाजवताना शेवटी आवाज आपोआप चढेल. तो अडवू नका.

---

पायपेटी_वेंगुर्ला

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस लिहिलं नाही कारण आधी करून बघायचं होतं.

पहिली अडचण तुम्हा कुणाला सांगितलीच नव्हती. माझी पेटी बँडपेक्षा जरा चढी निघाली. ट्रंपेटला नळी बाहेर ओढून उतरता येतं, पण चढायला जागा नाही, क्लॅरिनेटचंही तेच. म्हणजे पेटीनेच उतरायला हवं. पितळी सुराची पात टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. दोन रात्री बसून एक अख्खा संच मुळाशी घासून खाली आणला. फार हलक्या हाताने करावं लागतं, एकदा जास्त गेलं की ती पात कमकुवत होते आणि वारा लागताच थरथरते. खर्जाचा संच अजून बाकी आहे.

काल संध्याकाळी मांगरात जमलो. पाऊस थोडा उघडला होता. आधी ताईंनी सांगितलं तसा नुसता एक लांब सूर. दोन क्लॅरिनेट, आलटून पालटून, न तुटता. पहिले आठ-दहा वेळा सरळ जोड दिसला. मग मी म्हटलं, भजनाच्या बारीत बुवांचा आवाज सुटताना कोरस कसा उचलतो तसा उचला. दोघेही डबल बारीच्या भजनांना जाणारे, लगेच कळलं. त्यानंतरचा सूर ऐकून शाळेतल्या बाईंनी मान वर करून बघितलं, नक्की कोण वाजवतंय म्हणून.

मुखड्यात मंद्र पंचमावरचा श्वास सगळ्यांनी घेतला. इतकी वर्षं पेटीवर मी तो पंचम पूर्ण धरत होतो, मला तिथे थांबा दिसलाच नव्हता, कारण मला थांबायची गरज नव्हती. आता पेटीवर एकट्याने वाजवतानाही हात तिथे उचलला जातो.

तिसरा पदर दुसऱ्या क्लॅरिनेटने खालच्या सुरांत घेतला, रिकाम्या माठात बोलल्यासारखा गोल आवाज आला. ट्रंपेटवाला पोरगा साठ बार हात बांधून बसून राहिला, त्याला ते जड गेलं, पण बसला. बॅरिटोनवाला होडीवरून थेट आला होता, तरी शेवटचा मुखडा त्याने असा भरून काढला की मी खर्जाची खुंटी ओढायची विसरलो. आवाज चढला. दादा, अडवला नाही, माफ करा.

आणि शेवटच्या स्वरमेळाला सगळं फसलं. अख्खा फ्यूग कोमल गंधारात चालतो आणि अगदी शेवटच्या क्षणी शुद्ध गंधार लागतो. मास्तर तिथे पोचले की डोळे मिटून घ्यायचे. काल तिथे पुन्हा कोमलच वाजला. कुणाला काही बोलवेना. मी पहिल्या क्लॅरिनेटचा कागद बघितला. त्याच्या प्रतीत तो सूर सी शार्प लिहायला हवा होता, मी घाईत नुसता सी लिहून ठेवला होता. पेटीत मी त्या वेळी सा आणि प धरले होते, म्हणजे तो गंधार त्याच्या एकट्याकडेच होता.

त्याच्याच पेन्सिलीने शार्पची खूण केली आणि शेवटचे सहा बार पुन्हा घेतले. नंतर आणखी दोनदा घेतले, गरज नसताना.

आज रात्री सगळ्यांच्या प्रती नव्याने लिहायला बसतोय. झील कुठे धरायची त्या खुणा लाल शाईने करतो.